बागेतला चारचा चहा, आणि आपणही खुर्चीत बसायचं

पहिल्यांदा आम्ही बागेत चहाला लोकं बोलावली तेव्हा ती अख्खी संध्याकाळ मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून बघितली. खरंच. बाहेर चौदा माणसं हसतायत, कुणीतरी कुणाची तरी नक्कल करतंय, आणि मी आत गॅसपाशी तिसरा घाण उकळतेय, कारण एकाला बिनसाखरेचा हवा, एकीला आलं चालत नाही आणि सासूबाईंच्या मैत्रिणीला "अगदी अर्धाच कप गं, पण कडक". शेवटी हात पुसून बाहेर आले तर लोकं चपला शोधत होती. त्यानंतर गेल्या काही वर्षांत सहा-सात वेळा केलं असेल, दर वेळी काहीतरी चुकलं आणि दर वेळी एक गोष्ट सुधारली, आणि आता मी पहिल्या दहा मिनिटांनंतर खुर्चीत बसलेली असते. ते कसं जमतं तेवढंच सांगते.

आमचं पुण्यात सहकारनगरमधल्या जुन्या सोसायटीत तळमजल्याचं घर आहे, मागे साधारण पंधरा बाय वीस फुटांची जागा. बाग म्हणायची पद्धत. एक आंबा, कढीपत्ता, दोन गुलाब, गवती चहाचा एक ठोंब आणि सासूबाईंची तुळस. तुमच्याकडे गच्ची असेल, रो हाऊसचं पुढचं अंगण असेल, सोसायटीचं कॉमन गार्डन असेल तरी चालतं, फक्त कॉमन गार्डन असेल तर सेक्रेटरींना आधी विचारून ठेवा आणि त्यांनाही चहाला बोलवा, म्हणजे प्रश्नच मिटला.

तारीख आणि वेळ

पुण्यात या प्रकाराला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही आणि होळीनंतर साडेचारला बागेत बसायचं म्हणजे शिक्षा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या आसपास, आणि मावळला की दहा मिनिटांत गारठा आणि डास दोन्ही एकदम येतात. म्हणून डिसेंबरात चार ते सहा, फेब्रुवारीत साडेचार ते साडेसहा. एप्रिल-मेमध्ये हौस असेलच तर साडेपाचच्या आधी नको, आणि मग गरम चहाचा हट्टही नको, त्याचं पुढे सांगते.

तारीख पक्की करायच्या आधी कालनिर्णय बघा. मी एकदा संकष्टीच्या दिवशी बोलावलं होतं, पंधरातल्या सहा जणांनी नुसता चहा प्यायला आणि माझी सँडविचेस दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत तर ठेवूच नका, निम्मं पुणं तिकडे मंडपात असतं आणि उरलेलं निम्मं त्यावर बोलत असतं.

मेसेज टाकताना शेवटची वेळ लिहायची, हे मला आधी उद्धट वाटायचं. आता मी सरळ लिहिते, "रविवारी साडेचार ते साडेसहा, बागेत चहा आणि थोडं खाणं, जेवण नाही." हे "जेवण नाही" फार महत्त्वाचं आहे हो. नाहीतर काही जण दुपारचं उशिरा जेवून येतात आणि काही जण रात्रीचं स्वैपाकघर बंद करून येतात, आणि दोघांनाही आपण पुरे पडत नाही. मेसेजमध्येच विचारून घ्या, साखर कुणाला नको, दूध कुणाला नको. उत्तरं आली की एका कागदावर आकडे लिहा, लक्षात राहतं या भ्रमात राहू नका.

आणि बारा ते पंधरा माणसं. वीसच्या वर गेलात की तो समारंभ होतो, मग केटररला बोलवा.

जाता जाता, हॉटेलांच्या पत्रिकांमुळे आपल्याकडे याला हाय टी म्हणायची फॅशन आलीये. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामगार घरांतलं संध्याकाळचं भरपेट जेवण, जेवणाच्या उंच टेबलावर बसून, मांस-बिंस असलेलं. आपण ज्याला म्हणतो तो तिकडचा आफ्टरनून टी, बेडफर्डची डचेस ॲना हिने 1840 च्या सुमारास ती पद्धत पाडली असं सांगतात, कारण रात्रीचं जेवण उशिरा व्हायला लागलं आणि बाईंना चार-पाचला भूक लागायची. म्हणजे तिलाही चारचाच चहा हवा होता, आपल्यासारखा.

जागा: आठवडाभर आधी तिथे बसून चहा प्या

ही पायरी लोकं गाळतात आणि मग पस्तावतात. बरोबर आठवडाभर आधी, त्याच वेळेला, एक खुर्ची घेऊन बागेत बसा आणि अर्धा तास हलू नका. ऊन कुणाच्या डोळ्यांत येणारे, सावली कुठे सरकतेय, शेजारच्यांच्या एसीची गरम हवा कुठे लागते, वरच्या मजल्यावरून कुंड्यांचं पाणी कधी गळतं, सगळं कळतं. मला त्या अर्ध्या तासात कळलं की आमच्या आंब्याच्या एका फांदीखाली टेबल ठेवायचंच नाही, कारण संध्याकाळी कावळे तिथेच येऊन बसतात. बाकी तुमच्याकडे बुचाचं झाड असेल तर नोव्हेंबरात त्याच्या खाली खुर्च्या मांडा, फुलं अंगावर पडतात, डेकोरेशनला वेगळा खर्च नाही. टेबल मात्र बाजूला, फूल कपात पडलं की फोटो छान येतो पण चहा टाकावा लागतो.

डासांचं काम त्या दिवशी करून उपयोग नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकामे डबे, फुटका माठ, जिथे जिथे पाणी साठतं ते दहा दिवस आधी ओतून टाका आणि मग चार-पाच दिवसांनी परत एकदा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे मधे एकदा पाणी ओतलं की ती पिढीच संपते. डेंग्यूचा डास तर असल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो आणि दिवसाउजेडी चावतो, म्हणजे आपल्या चहाच्या वेळेलाच. त्या दिवशी मग एक साधा टेबल फॅन जमिनीलगत लावा, पायांच्या दिशेने. डास उडायला फार कमजोर असतात, वाऱ्यापुढे टिकत नाहीत. कडुनिंबाचा धूर आम्ही एकदा केला होता, डास गेले, पण चहाला पण कडुनिंबाचा वास आणि एक काका खोकत खोकत रिक्षा शोधायला लागले.

मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, आजीच्या काळातली फळीखालची युक्ती, अजूनही तिला तोड नाही.

हिरवळ असेल तर आदल्या दिवशी सकाळी पाणी घाला, त्या दिवशी नको. ओल्या मातीत प्लास्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय रुततात आणि माणूस कपासकट हळूच मागे कलंडतो, बघणाऱ्यांना मजा वाटते, त्याला नाही. मोठ्या माणसांच्या खुर्च्या फरशीवर, नाहीतर पायाखाली जुन्या टाइल्सचे तुकडे. तरुण मंडळींना सतरंजी. सगळ्यांना सतरंजीवर बसवायचा रोमँटिक विचार असेल तर पन्नाशीपुढच्या गुडघ्यांना आधी विचारा.

अजून एक, स्वयंपाकघर ते बाग ही वाट भरलेला ट्रे घेऊन एकदा चालून बघा. रिकामा नाही, भरलेला. आमच्याकडे जाळीचं दार बाहेर उघडतं, हातात ट्रे असताना ते उघडायला तिसरा हात लागतो, हे मला चार कप फुटल्यावर समजलं. आता दाराला वीट लावून ठेवते.

कप, टेबलं, भाड्याच्या गोष्टी

पेपर कप नको, प्लीज. आत प्लास्टिकचं अस्तर असतं, चहाची चव जाते, आणि वाऱ्याने उडतात ते वेगळंच. माणशी एक कप अधिक पाच जादा एवढे लागतात. माझ्याकडे बारा आहेत, उरलेले शेजारून आणते. आता स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, कपांवर नसतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुणाचा कुठला यावरून जे होतं ते टाळायचं तर प्रत्येक घराच्या कपाला बुडाशी वेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावा. शेजारच्या काकूंचा लाल, वरच्यांचा गुलाबी. नंतर नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून द्यायचे.

खुर्च्या आणि दोन घडीची टेबलं जवळच्या मंडपवाल्याकडून आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, लग्नसराईत त्या दिवशी मिळतील असं धरून चालू नका. टेबलं दोन, आणि एकमेकांपासून लांब. एकावर चहा, दुसऱ्यावर खाणं. एकाच टेबलावर सगळं मांडलं की तिथे पीएमटीच्या स्टॉपसारखी गर्दी होते, लांब ठेवलं की लोकं आपोआप फिरती राहतात. चहाचं टेबल दाराजवळ, कारण भरायला तिथेच सारखं जावं लागतं. खाण्याच्या टेबलाखाली उष्ट्या कपांसाठी एक टब आणि उरलेला चहा ओतायला एक बादली, दोन्ही दिसतील अशी. लपवून ठेवली तर लोकं कप गुलाबाच्या कुंडीत ठेवतात.

खायला

नियम एकच, त्या वेळी गॅसवर काही तळायचं नाही. भजी नाही, वडे नाहीत. गरम भजी म्हणजे यजमानाला जन्मठेप. दोन गोष्टी घरी करा, दोन विकत आणा, फळं एक, बस.

विकतचं म्हणजे बाकरवडी आहेच. श्रूजबेरी बिस्किटं कॅम्पातून आणायची तर ईस्ट स्ट्रीटवर कयानीला सकाळीच जा. ती बेकरी 1955 पासूनची आहे, श्रूजबेरी हे नाव इंग्लंडातल्या श्रूजबरी गावाचं, पण आता ते पुण्याचंच झालंय. दुपारी आरामात जाऊ म्हणालात तर रांगही असते आणि बिस्किटं संपलेलीही असू शकतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे घराजवळच्या बेकरीतली ताजी खारी आणि नानकटाई, चहाबरोबर खारीला काही पर्याय नाही असं माझं मत आहे, श्रूजबेरी नंतर.

घरी करायचं ते एक चटणी सँडविच आणि एक दडपे पोहे.

सँडविचचा सगळा खेळ पाव ओला न होऊ देण्यात आहे. चटणीत कोथिंबीर, थोडा पुदिना, मिरची, लिंबू, मीठ आणि मूठभर डाळं. डाळ्याने चटणी दाट होते आणि पाणी सोडत नाही. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा आणि स्वच्छ फडक्यात घट्ट दाबा, बघा किती पाणी निघतं ते. मग बटर दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत, हा थर म्हणजे रेनकोट, त्यावर चटणी, त्यावर काकडी. कडा आणि त्रिकोण शेवटी कापायचे. तोवर अख्खी सँडविचेस एकावर एक रचून वर ओलसर पिळलेलं फडकं. एका सँडविचचे चार त्रिकोण धरले तर पंधरा माणसांना बारा सँडविचेस म्हणजे माणशी तीन त्रिकोण, दोन मोठे ब्रेड आणलेत की निवांत.

दडपे पोहे यासाठी की ते गार असतानाच चांगले लागतात आणि दडपून ठेवल्यावर आपल्याला काही करायचंच नसतं. अर्धा किलो पातळ पोहे, एक अख्खा नारळ खवून, तीन कांदे अगदी बारीक, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, चवीला साखर. आधी पोहे सोडून बाकी सगळं नारळाच्या पाण्यात चुरडून घ्या, मग पोहे मिसळा, वर ताट आणि ताटावर खलबत्ता. अर्धा तास. वरून शेंगदाण्याची हिंग-मोहरी-हळद घातलेली फोडणी. पोह्याचा पापड मात्र देतानाच चुरायचा, आधी घातलात तर चामडं होतं.

फळ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या, धुवून, देठासकट. केक वगैरे कुणी आणला तर आणला.

आता चहा

एवढं वाचून झाल्यावर मुद्द्यावर आले. दुधाच्या चहाला सीटीसी पावडरच घ्या, म्हणजे ती बारीक गोळीदार. ही पद्धत आसामात 1930 च्या सुमारास निघाली, पानं दातेरी रोलरांतून चिरडून, फाडून, वळवून गोळ्या करतात, त्यामुळे रंग आणि कडकपणा पटकन उतरतो आणि दुधापुढे टिकतो. महागाचा दार्जिलिंग आणून त्यात दूध-आलं घालणं म्हणजे पैठणीने ओटा पुसणं. दार्जिलिंग असेल तर कोऱ्या चहावाल्यांसाठी वेगळी किटली करा, उकळी येऊन मिनिटभर थांबलेलं पाणी, तीन मिनिटं, गाळून मोकळं. लिंबाच्या फोडी बाजूला, आणि त्या फोडी दुधाच्या चहापासून लांब ठेवा, कारण कुणीतरी पिळतंच.

हिशोब असा. छोटा कप साधारण 120 मिलीचा. पंधरा माणसं, माणशी दोन कप, म्हणजे तीस कप, साडेतीन लिटरच्या थोडं वर. एकदम एवढा करायचा नाही, पंधरा-पंधरा कपांचे दोन घाण. एका घाणाला एक लिटर पाणी, एक लिटर फुल क्रीम दूध, 40 ग्रॅम पावडर, दोन इंच आलं ठेचून, गवती चहाच्या सहा-सात पाती कापून. उकळण्यात आणि पावडरीत थोडं जातं, बरोबर पंधरा कप हातात येतात.

आता खिडकीतून सुटका करणारी युक्ती. दोन्ही घाणांचा कोरा अर्क आधीच करून ठेवायचा. लोकं साडेचारला येणार असतील तर पावणेचारला दोन लिटर पाण्यात आलं आणि गवती चहा पाच मिनिटं उकळा, मग 80 ग्रॅम पावडर, तीन मिनिटं मध्यम आच, झाकण ठेवून दोन मिनिटं, लगेच गाळा. लगेच म्हणजे लगेच, पावडर आत राहिली की कडवट होतो. हा अर्क तास-दीड तास सहज राहतो. दुधाचा चहा मात्र थर्मासात पाऊण तासापुढे कढल्यासारखा लागतो, आणि सगळ्या गोंधळाचं मूळ हेच असतं की आपण एकतर चहा फार आधी करून ठेवतो नाहीतर माणसं आल्यावर सुरुवात करतो. अर्क तयार असेल तर पहिल्या घाणाला फक्त एक लिटर कडकडीत दूध आणि अर्धा अर्क एकत्र करून दोन उकळ्या, सात मिनिटांचं काम. दुसरा घाण साडेपाचला, तेवढीच सात मिनिटं, आणि ते काम मी नवऱ्याला दिलंय, त्याला यात चुकायला जागाच ठेवलेली नाही.

आलं पाण्यातच का, तर कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं. पाण्यात चांगलं उकळलं की त्याचा जोर संपतो. थेट दुधात ठेचून टाकलंत की कधी फाटेल नेम नाही. गुळाच्या चहाचंही तेच, हल्ली सगळ्यांना गुळाचा हवा असतो, पण गूळ उकळत्या दुधात घातला तर फाटायची भीती, म्हणून गॅस बंद करून दोन मिनिटांनी किसलेला गूळ घालून ढवळा. पंधरा माणसांच्या पार्टीत मी गुळाच्या फंदात पडत नाही.

साखर आत घालायची का हा वाद घरोघर असतो. माझा तोडगा म्हणजे दोन थर्मास. अर्क बिनसाखरेचाच असतो. दूध घालून झाल्यावर कागदावरचे आकडे बघून तेवढा बिनसाखरेचा काढून घ्यायचा, उरलेल्यात कपाला एक सपाट चमचा साखर. बिनसाखरेच्या थर्मासच्या कानाला हिरवी रिबीन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, हिरवी म्हणजे बिनसाखरेचा. थर्मास भरायच्या आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओता, नाहीतर चहाची पहिली उष्णता थर्मासच पितो. आणि थर्मासला सांबाराचा वास येत नाहीये ना, ते आदल्या दिवशी हुंगून बघा. हसू नका, झालंय.

उन्हाळ्यातला मुद्दा: उकळून केलेला चहा फ्रीजमध्ये ठेवला की गढूळ होतो. त्यापेक्षा रात्री एक लिटर गार पाण्यात 10 ग्रॅम पानांचा चहा, सीटीसी नाही, फ्रीजमध्ये आठ तास, सकाळी गाळा. कडू होत नाही, स्वच्छ राहतो. पुदिना, लिंबू, बर्फ, झालं.

त्या दिवशी

सकाळी चटणी, बिस्किटं आणि झाडलोट. दोनला खुर्च्या मांडून घ्या. सव्वातीनला पोहे दडपा, पावणेचारला अर्क, सव्वाचारला सँडविचेस कापून जाळीखाली. पहिला घाण पहिली चार माणसं आली की, त्याआधी नाही, कारण पुण्यात साडेचारला बोलावलं की दोन जण चार पंचविसाला बेल वाजवतात आणि बाकीचे पाच वाजता "पार्किंग मिळेना" म्हणत येतात. ओतायचं काम पहिल्या राउंडला तुम्हीच करा, प्रत्येकाच्या हातात कप द्या, बोला. दुसऱ्या राउंडला थर्मास टेबलावर आणि ज्याचं त्याने. कुणी आत येऊन "मी काही मदत करू का" म्हणालं तर हो म्हणा आणि काम द्या, कप गोळा करायचं काम मुलांना फार आवडतं.

अंधार पडायला लागला की दिव्यांची एक माळ. एक्स्टेन्शन बोर्ड गवतात नाही, खुर्चीवर किंवा भिंतीच्या खिळ्याला. वायर चालायच्या वाटेवरून नको.

नंतर

कप धुऊन, ठिपके बघून, त्याच रात्री वेगळे करा. सकाळी करू म्हटलं की लाल आणि गुलाबी दोन्ही सारखेच दिसायला लागतात.

चहाचा चोथा टाकू नका, गुलाबाला चालतो. अर्क आधीच गाळलेला असल्यामुळे यात दूध-साखर गेलेलीच नसते, हा त्या युक्तीचा जादा फायदा. तरी एकदा पाण्यातून काढायचा, आल्याचे तुकडे वेचायचे, ताटात पसरून दोन दिवस वाळवायचा आणि मग मूठभर कुंडीच्या मातीत मिसळायचा. नेहमीचा दूध-साखरेचा चोथा असेल तर तीन-चार वेळा धुवायला लागतो, नाहीतर बुरशी येते आणि टेबलाच्या पायाशी न आलेल्या मुंग्या कुंडीत येतात. आमच्या गुलाबाला या वेळचा चोथा घातलाय. काकूंचा एक लाल ठिपक्याचा कप मात्र अजून सापडलेला नाही, कुंड्यांमागे बघायचा राहिलाय.